चिखलदऱ्याच्या उतारावर फुगलेली रिम

परतवाड्यात माझं सायकलचं दुकान आहे. वडिलांच्या काळी भाड्याच्या सायकली होत्या, आता निम्मं काम रेसिंग आणि गिअरच्या सायकलींचं. त्याला कारण चिखलदरा. विदर्भात सलग चढ हवा असेल तर जायचं तरी कुठे? चिखलदरा 1,118 मीटर उंचीवर, आम्ही पायथ्याशी. धामणगाव गढीवरून गेलं तर तीसेक किलोमीटरमध्ये सुमारे सातशे मीटर वर जावं लागतं. म्हणून थंडीत नागपूर, अमरावती, अकोल्याचे पोट्टे सरावाला इकडे येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे कोकण किनारा सायकलने करायचा असतो. सगळे चढाला भितात. माझ्याकडे मोडून येतं ते मात्र जास्त करून उतरताना मोडलेलं असतं.

डिसेंबरातल्या एका दुपारी दुधाच्या कॅन वाहणारी पिकअप दुकानासमोर थांबली आणि तिच्यातून एक महागडी सायकल उतरली. मागचं चाक बसलेलं. मालक तिशीतला, कोपर सोललेलं, चेहरा लाल.

"भाऊ, ट्यूब तुमच्याकडचीच होती ना? कालच टाकून नेली. खराब माल देऊन राहिले तुम्ही!"

मी काही न बोलता ट्यूब काढली. ट्यूब बघितली की काय झालं ते कळतं. बाभळीचा काटा असला तर सुईएवढं भोक. खड्ड्यात आपटून रिमने दाबली असेल तर शेजारी शेजारी दोन चिरा. रिमपट्टी, म्हणजे रिममधली तारांची भोकं झाकणारी पट्टी, सरकली असेल तर फाटलेली जागा आतल्या बाजूला. ही ट्यूब एका अंगाला वीतभर उभी फाटली होती. टायरची कड रिममधून बाहेर उचलली गेली आणि ट्यूब त्या फटीतून बाहेर येऊन फुटली, एवढाच त्याचा अर्थ. टायर शाबूत होता. मग कड उचलली कशाने?

रिम कार्बनची, आणि ब्रेकचे गुटके थेट रिमवर घासणारे. ब्रेक जिथे घासतो त्या पट्टीवरून अंगठा फिरवला तर एका जागी बोटाला फुगवटा लागला. नाण्याने रिमवर ठकठक करत गेलो. सगळीकडे टणक आवाज, त्या जागी बद्द. आतले थर सुटले होते. गुटके काचेसारखे चकचकीत झालेले आणि जळका वास अजून येत होता.

त्याला स्टुलावर बसवून चहा दिला आणि हिशेब सांगितला. तू आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो. सातशे मीटर खाली यायचं म्हणजे जवळजवळ पावणेदोन लिटर थंड पाणी उकळीला आणण्याएवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. जोरात उतरणाऱ्याची बरीचशी वाऱ्यात जाते. भिऊन हळूहळू, ब्रेक दाबून धरून उतरणाऱ्याची जवळपास सगळी रिममध्ये. ॲल्युमिनियमची रिम ती उष्णता अंगभर पसरवते आणि हवेला देते. कार्बनमधून उष्णता पुढे सरकत नाही, घासल्या जागीच साठते. तिथली कार्बनचे थर चिकटवणारी राळ मऊ पडते आणि टायरमधली हवा रिमची भिंत बाहेर ढकलते.

"पण मी तर सांभाळूनच उतरत होतो," तो म्हणाला. खरंच सांभाळून उतरत होता. तिथेच मला वाईट वाटलं. मोठ्या शहरातल्या ज्या दुकानाने त्याला ही चाकं विकली, त्यांनी वजन किती ग्रॅमने कमी होईल ते सांगितलं होतं. वळणाआधी थोडा वेळ जोरात ब्रेक लावायचा आणि मग पूर्ण सोडून द्यायचा, सरळ रस्त्यावर छाती वर करून वारा घ्यायचा, मध्ये थांबून चाकं गार होऊ द्यायची, यातलं एक अक्षर नाही. एवढा पैसा घेता, तर पाच मिनिटं बोलायला काय जातं?

संध्याकाळी अमरावतीहून मुंबईची गाडी होती, दुसऱ्या दिवशी अलिबागजवळच्या मांडव्याहून मालवणकडे निघायचं. "ट्यूब बदलून द्या भाऊ. कोकणात काय घाट नाही, समुद्राच्या कडेकडेनंच तर जायचं आहे." मोबाईलवर त्याने मार्ग दाखवला. कोणीतरी नकाशावर रेघ ओढून दिलेली, खाली एकूण चढाईचा आकडा. रोजचा आकडा चिखलदऱ्याच्या दुप्पट होता, पण एकही डोंगर दिसत नाही म्हणून तो निर्धास्त.

एका ग्रुपच्या गाडीवर मेकॅनिक म्हणून मी तो किनारा केलेला आहे. तिथे रस्ता समुद्रालगत राहतच नाही. खाडी आली की खाली, खाडी ओलांडली की सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, परत खाली. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, एवढ्या ठिकाणी तर सायकल फेरीबोटीत घालावी लागते. उतार शंभर-दीडशे मीटरचे, पण खडे, आणि वळणावर जांभ्या दगडाची बारीक खडी. आमच्या घाटात ब्रेक एकदाच पण लांबलचक तापतो, तिथे दिवसभर तापतो आणि निवतो. एकूण चढाईच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. मार्ग बनवून देणाऱ्यांनी उताराची लांबी आणि वळणं लिहायला हवीत, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

ते चाक मी बांधून देणार नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, मग गप्प झाला. दुकानात मी स्वतः बांधलेली बत्तीस तारांची ॲल्युमिनियमची जोडी होती, एका गिऱ्हाइकाने घेतलीच नव्हती. अडचण अशी की मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, जुना दहा गिअरचा आणि याची सायकल अकराची. रोड सायकलची नेहमीची अकराची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, त्या हबवर बसत नाही, जेमतेम दोन मिलिमीटर जागा कमी पडते. पण शिमानोची 11-34 वाली (लहान चक्राला 11 दात, मोठ्याला 34) अकराची कॅसेट बसते, कारण तिचं मोठं चक्र आत, तारांच्या बाजूला झुकवलेलं असतं. ती माझ्याकडे होती, आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा त्याचा मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा, म्हणजे एवढं मोठं चक्र पेलणारा. सड्यावर चढायला आधीच्या 28 पेक्षा 34 दात बरेच. रिमची रुंदी कमी, म्हणून ब्रेकची केबल पुन्हा ओढली, गुटके बदलले. दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे फिरताना डुलणं, तपासला. हे काम मी कोणालाही छातीठोकपणे दाखवीन.

"पुढचं चाक तर चांगलं आहे, ते राहू द्या ना," असं त्याने बरेचदा म्हणून पाहिलं. पुढचे गुटकेही तसेच चकचकीत होते. मी ऐकलं नाही. पैसे नंतर पाठव म्हटलं आणि अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं.

गुहागरहून फोन आला. ब्रेक किंचाळत होता. गोड्या पाण्याने रिम धू, गुटक्यात वाळू अडकली असेल ती टाचणीने काढ, म्हणून सांगितलं. मालवणला व्यवस्थित पोचला. पैसेही आले.

त्या शहरातल्या दुकानाला मी स्वतः फोन केला होता. "ब्रेक जास्त लावला असेल," एवढंच उत्तर. आणि आता त्या पोट्ट्याचा निरोप आलाय: पुढचं कार्बनचं चाक विकायला काढलं आहे, कोणी परतवाड्यात विचारायला आलं तर चांगलं आहे म्हणून सांगा. चाक दिसायला नवंकोरं आहे. नाणं वाजवलं तर सगळीकडे टणक वाजतं. आत काय झालंय ते मला दिसत नाही आणि घेणाऱ्यालाही दिसणार नाही. मी तसं सांगणार नाही, हे त्याला कळवलं. तो म्हणतो, मग अकोल्यात विकतो.