लालबुड्याचा लाल: ग्रे कार्ड बाद, शेपटीचं टोक आत

घाणेरीची फळं खाऊन लालबुड्या बुलबुलाच्या बुडाचा लाल बदलतो का, हे आपण फोटोंवरून मोजतो आहोत, आणि उजेडाचा फरक काढायला आतापर्यंत ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं संदर्भ-कार्ड) वापरत होतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या गेटपाशी दिसणारा, शेपटीचं एक पीस मोडल्यामुळे ओळखू येणारा बुलबुल पुन्हा कॅमेऱ्यात आला आणि आतापर्यंतचा तक्ता निकालात निघाला. एकाच पक्ष्याचे सकाळचे आणि दुपारचे आकडे एकमेकांपासून इतके लांब, की घाणेरीच्या जाळीतला बुलबुल आणि ऐरोलीत सिंगापूर चेरीवर बसलेला बुलबुल यांच्यातला फरक त्यात सहज बुडतो.

दोष कॅमेऱ्याचा नाही, कार्डाचा आहे. कार्ड आपल्या हातात, उघड्यावर असतं. पक्षी पानांखाली असतो, म्हणजे वरून हिरवा प्रकाश. त्यात बुड खाली तोंड करून असल्यामुळे त्यावर पडतो तो मुख्यतः जमिनीवरून उसळलेला उजेड. येऊरला खाली तांबडी माती, ऐरोलीत पेव्हर ब्लॉक. अशा वेळी कार्ड कितीही महागाचं घेतलं तरी ते दुसऱ्याच उजेडाचं माप देतं. (ऑनलाइन मिळणारी स्वस्त लॅमिनेटेड कार्डं तर घेऊच नका, चकाकतात. टेफ्लॉन टेपचे दहा-बारा थर सपाट पट्टीवर गुंडाळले की त्याहून चांगला पांढरा मिळतो, तोही हार्डवेअरच्या दुकानात.)

उपाय पक्ष्याच्याच अंगावर निघाला. लालबुड्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं आणि खालून घेतलेल्या फोटोत ते बुडाच्या लालाशेजारी, जवळपास त्याच उजेडात येतं. फोटोतल्या लाल आणि हिरव्या चॅनेलच्या आकड्यांवरून बुडाचं लाल÷हिरवा हे गुणोत्तर काढायचं आणि त्याला टोकाच्या लाल÷हिरव्याने भागायचं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने केलेली रंगाची जुळवणी) आपोआप कटतो, पानांची हिरवी झाकही बरीचशी कटते. पाठीमागचा पांढरा पट्टा मात्र वापरू नका, तो आकाशाकडे तोंड करून असतो. निळा चॅनेल सोडून द्या; कॅरोटीनॉइड (अन्नातून पिसांत येणारी पिवळी-लाल रंगद्रव्यं) निळा प्रकाश आधीच गिळतात. पिवळ्याकडून लालाकडे सरकणं दिसतं ते हिरव्यात.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) हवा. एक्सपोजर एक स्टॉप खाली ठेवा, नाहीतर पांढरं टोक जास्त उजेडाने फुटतं आणि लाल चॅनेलही छताला, म्हणजे कमाल आकड्याला लागतो. 14 बिटच्या फाइलमध्ये ते छत 16383च्या आसपास असतं आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम जेपेगचा असल्याने त्यावर विसंबता येत नाही. रॉथेरपी या रॉ फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यूट्रल प्रोफाइल लावा, टोन कर्व्ह बंद करा, 16 बिट लिनिअर टिफ सेव्ह करा आणि इमेजजे या चित्रावर मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बुडावरच्या आणि टोकावरच्या ठिपक्याची वेगवेगळी सरासरी घ्या. ब्लॅक लेव्हल (पूर्ण काळोखातही सेन्सर देतो तो आकडा) वजा झाली आहे ना, ते आधी पाहा. ती राहिली तर सावलीतल्या बुडाचा हिरवा फुगतो आणि पक्षी आहे त्याहून फिका निघतो. फार लांबचे फोटो टाळा, हवेतला धुरकटपणा रंग धुऊन काढतो.

या पद्धतीने मोडक्या शेपटीवाल्याचे सकाळ-दुपारचे आकडे एकदाचे जुळले. हे सुख मोठं आहे.

पण टोकालाही खोड आहे. पांढऱ्या पिसात मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य नसतं, त्यामुळे ते काळ्यापेक्षा आधी झिजतं. शिवाय घोडबंदर रोडच्या बाजूला हिवाळाभर धूळ बसून ते पिवळट होतं. म्हणजे तुलना पावसाळ्यानंतरच्या ताज्या पिसांवरच खरी. नाहीतरी रंग ठरतो तो पीस वाढत असताना. मोल्ट (जुनी पिसं गळून नवी येणं) संपल्यावर पक्ष्याने काहीही खाल्लं तरी त्या पिसात उतरत नाही. म्हणून पिसं वाढण्याच्या काळात कुठलं झाड फळलेलं आहे याची नोंद फोटोइतकीच मोलाची. पिलं वगळा, त्यांचं बुड मुळातच फिकं असतं.

घाणेरीबद्दलची अपेक्षाही थोडी खाली आणायला हवी. पिकलेलं फळ जांभळट-काळं दिसतं म्हणून पिसांत काही उतरेल असं नाही, फळांना जांभळा रंग देणारी अँथोसायनिन पिसांत जमा होत नाहीत. उत्तर अमेरिकेत मॉरोच्या हनीसकल या झुडपाच्या फळांमुळे सीडर वॅक्सविंग या पक्ष्याच्या शेपटीची पिवळी पट्टी नारिंगी झाली, कारण त्या फळांत ऱ्होडोझँथिन हे लाल कॅरोटीनॉइड होतं. यलो-शाफ्टेड फ्लिकर या सुतारपक्ष्याच्या लाल पिसांमागेही तेच रंगद्रव्य असल्याचं 2017मध्ये दाखवलं गेलं. त्याआधी ती लाल पिसांच्या फ्लिकरशी झालेल्या संकराची खूण समजली जायची. दोघांचीही ती पिसं मुळात पिवळी, हे लक्षात घ्या. पिवळ्यात लाल मिसळलं की लगेच दिसतं, लालात लाल मिसळलं तर काय कळणार?

हे लिहितानाच सुचतंय: मग बुलबुल कशाला, चष्मेवाला (ओरिएंटल व्हाइट-आय) घ्यावा. गळा पिवळा, शेपटीखाली पिवळा, आणि मध्ये पोट राखाडी-पांढरं, म्हणजे संदर्भ पुन्हा त्याच फ्रेममध्ये. घाणेरीवर तो हमखास येतो. क्षणभर स्थिर बसत नाही, तेव्हा शटर 1/1000च्या खाली नको. पोटाची बाजू करडी असते, ठिपका मधोमध घ्या.

पोपट घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना: नको. त्याचा लाल-पिवळा सिटॅकोफल्विन या रंगद्रव्याचा, ते पक्षी स्वतः बनवतो, फळांतून घेत नाही. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा रंग अन्नातूनच येतो, पण मोठा फ्लेमिंगो शेपटीजवळच्या ग्रंथीचं रंगीत तेल गालाने पिसांना चोपडतो, त्यामुळे पिसात वाढलेला गुलाबी आणि वरून लावलेला गुलाबी फोटोत वेगळे करता येत नाहीत.

उंबराखालच्या किंवा वडावरच्या चष्मेवाल्यांचे मोल्टनंतरचे फोटो कोणाकडे असतील तर हवे आहेत. घाणेरी नसलेल्या भागातली तुलना तिथूनच मिळेल. रॉ फाइल पाठवा, जेपेग नको.