ब्रोच संग्रह: आधी काचेखालची चांदी

या खेपेला खरेदी जवळजवळ नाही. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, म्हणून पडदे ओढून, टेबललॅम्प आणि दहापट भिंग घेऊन जुनेच ब्रोच पुन्हा पाहिले. रंगावर भाळणं आता सुटलंय. आधी मिन्याच्या, म्हणजे चांदीवर भाजून बसवलेल्या रंगीत काचेच्या, खालची चांदी बघते.

नॉर्वेचं निळं पान यासाठी उत्तम. मागे ‘९२५एस’ (हजारात ९२५ भाग चांदी) आणि डेव्हिड-अँडरसनचा तराजूचा शिक्का. ओस्लोची ही पेढी १८७६ची, तेव्हा शहराचं नाव क्रिस्तियानिया होतं. पानाच्या शिरा चांदीतच उठवलेल्या आणि वर पारदर्शक मिना. चांदी खोल तिथे काचेचा थर जाड, म्हणून निळा गडद. शिरेवर थर पातळ, म्हणून फिका. रंग एकच, पण पान जरा कलतं केलं की तीन-चार निळे दिसतात. ही बास-ताय पद्धत. खालची नक्षी रोझ इंजिनवर, म्हणजे रेघांची नक्षी कोरणाऱ्या यंत्रावर, कोरलेली असेल, तर ते गिलोशे.

ठशाची नक्षी ओळखायला उजेड तिरपा टाका. कोरलेल्या रेघेच्या कडा धारदार असतात, चराच्या भिंती चकाकतात. ठशाने दाबलेल्या रेघा गोलसर आणि मऊ. विक्रेते दोन्हींना सरसकट गिलोशे म्हणतात आणि भावही तोच लावतात! ठशाचा माल टाकाऊ नाही, पण त्याचे पैसे ठशाचेच द्यावेत.

लाल ब्रोच कमी का सापडतात, तेही लक्षात आलं. पारदर्शक लाल थेट चांदीवर भाजला की पिवळट-तपकिरी झाक मारतो, म्हणून आधी बिनरंगी काचेचा थर द्यावा लागतो. जयपूरचे मीनाकार लाल सगळ्यात शेवटी भाजतात, कारण तो जास्त आच सोसत नाही. काँगड्याच्या चांदीवर मात्र निळ्या-हिरव्याचंच राज्य.

एका फुलाची पिन सैल झाली होती. सराफ बाजारातल्या कारागिराने झाळायला फुंकणी उचलली, तेवढ्यात मी हात आडवा घातला. मिना साधारण ७५० ते ८५० अंशांवर भाजलेला असतो, पण तयार दागिन्याला एकाच जागी ज्योत लागली की तडकतो.

“मग ताई, बिजागरीच आवळतो,” ते म्हणाले. चिमट्याने खिळा दाबला, काम झालं. आता इरकलीच्या पदरालाही बिनधास्त लावते.

सध्या शोध चार्ल्स हॉर्नर या इंग्लिश पेढीच्या ब्रोचचा. ‘सीएच’ अक्षरं, सोबत इंग्लंडमधल्या चेस्टर शहराचा शिक्का: तीन पेंढ्या आणि तलवार. तिथलं चांदी तपासून शिक्के मारणारं कार्यालय १९६२ला बंद झालं, म्हणजे माल त्याआधीचाच. कुणाकडे असेल तर फोटो मागच्या बाजूचा आधी टाका.