१४ चे १४२ कसे झाले ते शेवटी सापडलं

मंडळी, मागच्या अपडेटला मी लिहिलेलं की वेबपानांवरची टेबलं पांडासनं (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) उचलताना आकड्यांना चिकटणाऱ्या तळटीपा काढायचं काम झालं, ते शब्द मागे घेतो.

चौकटी कंसातल्या टीपा, [१], [क] असल्या, गेल्यात. पांडास २ पासून मजकूर बदलणाऱ्या स्ट्रिंग रिप्लेसला रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायची भाषा) वापरायचं असेल तर रेजेक्स ट्रू असं स्वतःहून सांगावं लागतं, एवढंच राहिलं होतं. खरा त्रास कोयना धरणाच्या पाणलोटातल्या कोयना-नवजा-महाबळेश्वर केंद्रांच्या रोजच्या पावसाच्या टेबलनं दिला. तीन रात्री गेल्या. एका दिवशी नवजा ११, महाबळेश्वर १७ आणि कोयना १४२ मिमी. आता जुलैत कोयनेला एका दिवसात १४२ पडतोच की, शिवाय कॉलमपण ऑब्जेक्ट (म्हणजे मजकूर मिसळलेला) नाही, सरळ पूर्णांक, मग संशय येणार कुठनं? एक जूनपासूनची बेरीज मात्र त्या दिवशी फक्त १४ नं वाढलेली, तिथं पकडलं.

झालं असं की त्या पानावर टीपेला कंसच नाही, आकड्याच्या डोक्यावर बारीक २ आहे, सप टॅगमध्ये (वर बारीक अक्षर दाखवणारी एचटीएमएलची खूण), आणि पांडासचं रीड एचटीएमएल, म्हणजे पानातली टेबलं वाचणारं फंक्शन, टॅग टाकून नुसता मजकूर उचलतं, त्यामुळं १४ ला २ चिकटला. एकदा चिकटल्यावर कसलंही रेजेक्स लिहा, तो २ पाऊस का टीप हे कळायला मार्गच नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीत असं झालं असतं तर लगेच दिसलं असतं, धोक्याची पातळी ४५ फूट, तिथं ४५२ आलं तर शेंबडं पोरगंपण सांगेल.

मग आधी ब्यूटिफुल सूपनं (एचटीएमएल चाळायची लायब्ररी) सगळे सप टॅग डीकंपोज केले, म्हणजे मुळासकट काढले, उरलेलं स्ट्रिंगआयओत (मजकूर फाइलसारखा पुरवणारी वस्तू) घालून (२.१ पासून नुसती स्ट्रिंग दिली की वॉर्निंग येते) पांडासला दिलं आणि मोसमाची बेरीज मिमीला मिमी जुळली!! लई भारी वाटलं राव. फक्त पाणलोटाच्या टेबलात हेडिंगमधल्या चौरस किमीचा वरचा २ पण उडाला, म्हणून आता फक्त टीडीच्या (टेबलातल्या साध्या आकड्यांच्या चौकटी, हेडिंग नाही) आतले सप काढतोय.

एरर्स कोअर्स (आकडा न वाटणारं रिकामं करायचा पांडासचा पर्याय) लावा म्हणणाऱ्यांना सांगतो, तो कंसातली टीप चिकटलेला आकडा गुपचूप रिकामा करून टाकतो आणि १४२ सारखा तसाच सोडतो, मी तो वापरत नाही.

आणि हे लिहितानाच सुचलं, टीप २ म्हणजे 'मापक बंद, दोन दिवसांची एकत्र नोंद'. ही फेकून कशी चालेल? डीकंपोज नको, सपच्या जागी उभी रेघ आणि टीपेचा नंबर घालतो, मग रेघेवर स्प्लिट करून टीपेचा वेगळा कॉलम. आज रात्री ऑगस्ट २०१९ च्या पानांवर चालवतो, पुराच्या त्या दिवसांत टीपा सगळ्यात जास्त आहेत.