झटका चालू असतानाचा ईसीजी : माझा अनुभव

मला येणाऱ्या झटक्यांचे निदान ‘पॅनिक अटॅक’ असे झाले, तेव्हा त्याला हरकत घेण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते. हृदय एकाएकी जोरात धडधडू लागायचे, घाम फुटायचा, हातपाय कापायचे, घशाशी ठोके उडताना जाणवायचे आणि आता काही आपण वाचत नाही अशी भीती वाटायची. पॅनिक अटॅकची म्हणून जी लक्षणे सांगितली जातात, त्यांत यातली बहुतेक येतात. खटकत होते ते इतकेच की भीती आधी नसे, ती धडधडीच्या मागून येई. पोळ्या लाटताना, बँकेत पासबुक भरून देताना, एकदा तर देवासमोर वाती वळत बसले असताना, म्हणजे मन अगदी स्वस्थ असताना हे सुरू होई. झटका थांबल्यावर मात्र तासभर लघवीला सारखे जावे लागे. ही गोष्ट सांगायला मला संकोच वाटत असे आणि कोणी ती विचारतही नव्हते.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, टूडी एको, पट्ट्यावर चालवून घेतात ती स्ट्रेस टेस्ट, हे सारे झाले आणि सारे नॉर्मल आले. चाळिशी ओलांडलेली नोकरदार बाई म्हटल्यावर पुढचे वाक्य ठरलेलेच असते, तसे ते मलाही ऐकवण्यात आले : वय, पाळीतले बदल आणि ताण. मला चिंतेवरची एस्सिटॅलोप्रामची रोजची गोळी आणि घबराट शमवायला गरजेपुरते क्लोनाझेपाम लिहून मिळाले, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठीही मिळाली.

त्या चिठ्ठीचे उपकारच मानले पाहिजेत, कारण नेमका प्रश्न मला प्रथम विचारला तो मानसोपचारतज्ज्ञांनी. ते म्हणाले, “मॅडम, ही धडधड हळूहळू वाढत जाते की एकदम सुरू होते? आणि थांबताना ओसरते की तुटते?” मी म्हटले, “तुटते. दिव्याचे बटण बंद करावे तशी.” त्यांनी लिहिणे थांबवले आणि लघवीबद्दलही स्वतःहूनच विचारले. भीतीने वाढलेले ठोके साधारणपणे चढत जातात आणि उतरत येतात; हृदयातल्या विद्युतप्रवाहाचा फेरा चुकीच्या वाटेने फिरू लागला, तर मात्र ठोके एका क्षणात दीडशे-दोनशेवर जातात आणि तसेच एका क्षणात पूर्ववत होतात. अशा वेळी हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येऊन लघवी वाढवणारे संप्रेरक स्रवते, असे त्यांनी समजावून सांगितले आणि मला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावले. क्लोनाझेपाम एकाएकी सोडले तर वेगळाच त्रास होतो, म्हणून वाचणाऱ्यांनी हे विसरू नये.

हृदयरोगतज्ज्ञांनी ‘पीएसव्हीटी’चा, म्हणजे हृदयाचे ठोके मधूनच एकाएकी भलतेच वाढण्याच्या विकाराचा, संशय व्यक्त केला. मात्र या विकारात झटका नसताना काढलेला ईसीजी बहुतेकदा निर्दोष असतो. चोवीस तास ईसीजी नोंदवत राहणारे होल्टर हे यंत्र अंगावर लावले, त्या दिवशी अर्थातच काही झाले नाही. झटका चालू असताना बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारा, ईसीजी मिळाला तर निदान पक्के होईल, असे डॉक्टरांनी सांगितले. ऐकायला किती सोपे होते! माझा झटका साधारण अर्धा तास टिकत असे आणि रिक्षाने मोठे रुग्णालय दहा मिनिटांवर होते.

माझे सगळे अडले ते तिथल्या कॅज्युअल्टीबाहेरच्या केसपेपरच्या खिडकीवर. रात्रीच्या वेळी ती एकच खिडकी उघडी असते. तिच्यासमोर अपघाताचे नातेवाईक, तापाने फणफणलेली मुले आणि दाखल रुग्णाचे डिपॉझिट भरायला आलेले लोक एकाच रांगेत उभे असतात. माझी पाळी आली की नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक, मोबाइलवर येणारा ओटीपी आणि ‘सोबत कोण?’ या क्रमाने चौकशी होई. आम्ही आधीचा केसपेपर घेऊन गेलो, तर त्याची मुदत संपलेली निघे. ईसीजीचे पैसे शेजारच्या, त्या वेळी बंद असलेल्या खिडकीवर भरायचे असत, म्हणून त्यासाठी पुन्हा त्याच रांगेत उभे राहायचे आणि पावती दाखवल्याशिवाय आतली सिस्टर यंत्राला हात लावत नसे. मी काचेवर टेकून उभी असे, मानेतली शीर उडताना समोरच्या कारकुनालाही दिसत असावी, आणि तो संगणकाकडे पाहत म्हणे, “ताई, सर्व्हर स्लो आहे, बसून घ्या.” मी बसून घेई आणि बसल्या जागी छातीतले बटण बंद होई. त्यानंतर मला आत नेत, मन लावून ईसीजी काढत आणि तरुण डॉक्टर कागद पाहून समजुतीच्या स्वरात सांगत, “अगदी नॉर्मल आहे. पॅनिक अटॅकच आहे, काळजी करू नका.”

हे दर वेळी असेच झाले. दर वेळी माझ्या फाइलमध्ये एक निर्दोष ईसीजी आणि ‘पॅनिक’ हा शब्द वाढत गेला, आणि पुढच्या वेळचा डॉक्टर माझ्याआधी ती फाइल वाचू लागला. यजमान एकदा चिडून म्हणाले, “अहो, तिचा ईसीजी आधी काढा, पैसे मी इथेच उभा राहून भरतो.” त्यावर सुरक्षारक्षकाने त्यांनाच बाजूला घेतले. अपघातग्रस्ताला आधी उपचार द्यावेत, सोपस्कार नंतर पाहावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलेले आहे. पण स्वतःच्या पायांनी चालत आलेली, रक्त न सांडणारी, केस नीट विंचरलेली बाई त्या खिडकीला तातडीची वाटत नाही. त्या कारकुनावर माझा व्यक्तिशः राग नाही; त्याला नेमून दिलेले काम तो करत होता. राग आहे तो ईसीजीच्या यंत्राआधी पावतीचे यंत्र ठेवणाऱ्या व्यवस्थेवर. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा, हे आत बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होते. ती दहा मिनिटे खिडकीच्या अलीकडे मोजायची की पलीकडे, हे कोणी ठरवलेच नव्हते.

मनगटावरच्या घड्याळाचा पर्याय मला बऱ्याच जणांनी सुचवला. काही घड्याळे ईसीजीची एका लीडची पट्टी नोंदवतात आणि डॉक्टर ती पाहतातही. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे. नुसते ठोके मोजणाऱ्या घड्याळाचा मात्र फारसा उपयोग होत नाही, कारण ठोके वाढतात हे आपल्याला ठाऊक असतेच, ते कशामुळे वाढतात हे पट्टीवरूनच कळते. ज्यांचे झटके फार दिवसांनी येतात, त्यांच्यासाठी कातडीखाली बसवायचा, सतत ठोके नोंदवणारा लहानसा लूप रेकॉर्डरही असतो, पण माझ्यावर ती वेळ आली नाही.

मार्ग निघाला तो आमच्याच गल्लीत. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे सुटकेसएवढे जुने ईसीजी यंत्र आहे, हे मला बरीच वर्षे माहीत होते. हृदयरोगतज्ज्ञांकडून त्यांच्या लेटरहेडवर मी दोन ओळी लिहून घेतल्या : “धडधड सुरू असताना बारा लीडचा ईसीजी त्वरित काढावा, नोंदणी नंतर करावी.” ते पत्र मी फॅमिली डॉक्टरांना आधीच नेऊन दाखवले. दवाखाना बंद असला तर वर घरी बेल वाजवायची, एवढे ठरवून ठेवले. पुढचा झटका संध्याकाळी भाजी निवडताना आला. कंपाउंडरने मला टेबलावर निजवले, हाताला जेली लावून क्लिपा बसवल्या, आणि यंत्रातून कागद बाहेर पडू लागला तसे डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचले, “१९०. अगदी एकसारखे.” माझ्या छातीत घण पडत होते आणि मी हसत होते. आता माझ्याजवळ पुरावा होता.

त्यांनी लगेच मला सिरिंजच्या तोंडात जोराने फुंकायला लावले आणि त्यानंतर सपाट निजवून पाय वर धरले. यानेच झटका तुटला. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या सुधारित पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे ठोके पूर्ववत झाले होते, तर पाय वर न धरता नुसते फुंकण्याच्या जुन्या पद्धतीने १७ टक्क्यांचे. आधी डॉक्टरांकडून शिकून घेतल्याशिवाय हे घरी करू नये. आणि छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल तर फुंकण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

पुढचे सारे भराभर झाले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली प्रवाह पोचवणाऱ्या गाठीपाशी, म्हणजे एव्ही नोडपाशी, माझ्याजवळ जन्मतःच दोन वाटा आहेत आणि प्रवाह त्यांत गोल फिरू लागतो, असे पुण्यातल्या तज्ज्ञांनी सांगितले. मांडीच्या शिरेतून तारा घालून त्यांनी झटका मुद्दाम उठवला आणि जादा वाट तापवून बंद केली. याला अब्लेशन म्हणतात. या प्रकारात ते शंभरात पंच्याण्णवांहून अधिक जणांना लागू पडते. धोका असतो तो मूळ वाटेलाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा, पण तो शंभरात एक किंवा त्याहून कमी. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हा आकडा स्वतः विचारून घ्यावा.

आधी लिहायला हवी होती अशी एक गोष्ट राहिली. ईसीजीची पट्टी बहुधा उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर येते आणि काही महिन्यांत फिकी पडते, म्हणून त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटोही घ्यावा. पट्टी रुग्णालयाने ठेवून घेतली असेल तर लेखी अर्ज करावा; २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. मी त्या मोठ्या रुग्णालयात माझ्या फाइलला नवे निदान जोडावे म्हणून अर्ज घेऊन गेले होते. अर्ज त्यांनी घेतला, पण त्याआधी मला नवा केसपेपर काढावा लागला.