पेशंट कुठंय?

त्या खिडकीची आठवण आली की अजून डोकं तापतं, म्हणून लिहूनच टाकते. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला. दिवाळीपासून क्लास बंद, रात्रभर मोबाईल, मागितला की अंगावर येणार. दर रविवारी बापाला मिसळ खायला नाशिकच्या गंगापूर रोडला ओढत न्यायचा तो पोरगा जेवायचं ताटसुद्धा खोलीत मागायला लागला. एकदा कपाटाच्या आरशावर मूठ मारली, चार टाके. फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून लगेच चिठ्ठी दिली, त्यात काहीच अडलं नाही.

अडलं ते हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीला. सिडकोतून द्वारका, तिथून दुसरी रिक्षा, साडेआठला रांगेत, नंबर आला पावणेअकराला. आतल्या बाई मान वर न करता म्हणे, पेशंट कुठंय? म्हटलं, घरी आहे, यायला तयार नाही, म्हणून तर मी आले. "पेशंट नाही तर केसपेपर नाही." अहो ताई, त्याला काय पोत्यात घालून आणू? मागचे आजोबा म्हणाले, आटपा लवकर. दुसऱ्या वेळी ह्यांनी अर्धी रजा टाकली, तेच उत्तर. तिसऱ्यांदा आधार कार्ड, चिठ्ठी, टाक्यांचा फोटो, सगळं घेऊन गेले, तर फोटोवर केसपेपर निघत नाही म्हणे! सुतळीने बांधलेलं ते पेन हातात धरून मी तिथेच रडले, सगळ्या रांगेसमोर.

त्या रात्री दोन वाजता १४४१६ लावला. टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आईबापांनीही करायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. पलीकडच्या मॅडमनी मुलाचं सगळं ऐकलं नि मग विचारलं, तुमची झोप किती होते? म्हटलं, दोनेक तास, तो झोपला का बघत बसते. मग म्हणाल्या, तुमच्याच नावाने पेपर काढा की, पेशंट तुम्हीपण आहात.

चौथ्या वेळी खिडकीतून तेच, पेशंट कुठंय? मी म्हटलं, मीच. दोन मिनिटांत पेपर हातात. इतकी ऐट मला बारावी पास झाल्यावर पण नव्हती.

आता दर बुधवारी जाते. आतल्या काउन्सेलर चांगल्या आहेत, पहिले दोन बुधवार नुसतं बोलू दिलं, मग एकेक सांगितलं. दाराबाहेर उभं राहून ओरडायचं नाही. मोबाईलचं भांडण रात्री काढायचंच नाही, दुपारी बोला. हो, आणि घरातल्या गोळ्या, फिनेल कुलपात ठेवा, हे आधी लिहायला हवं होतं. जीव द्यायचा विचार येतो का असं सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात भरत नाही, आणि हो म्हणाला तर बुधवारची वाट न बघता त्याच दिवशी न्या. घरात कोणी काही बोललंय का असं त्याला विचारू नका, हे सासूबाईंना समजवा म्हणाल्या, ते मात्र अजून जमलेलं नाही.

केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, माझा पहिला रिक्षात भिजला.

मुलगा अजून आलेला नाही. गेल्या आठवड्यात चपला घालताना विचारलं त्याने, आई, तू कुठे जातेस गं? सांगितलं. "बरं" म्हणाला, दार लावून घेतलं, पण कडी नाही घातली.

परवा रांगेत माझ्यापुढे एक दादा, हातात पोरीचं आधार कार्ड. आतून आवाज आला, पेशंट कुठंय? मी मागूनच ओरडले, दादा, तुमच्या नावाने काढा!