मरीनाच्या मागच्या स्प्रिंगा आणि काटोलची काळी माती

समुद्र नागपूरपासून इतका लांब, की गाडी गंजण्याची चिंता इथं फारशी कुणी करत नाही. पण आमच्या २००५ सालच्या टाटा इंडिगो मरीना या स्टेशन वॅगनची मागची डावी स्प्रिंग गंजानंच तुटली. वीस वर्षं वजन वाहिलेल्या स्प्रिंगला दोष द्यायचं काही कारण नाही. तिला ओल लागत होती, ती आमच्याच शेतातल्या मातीची.

गतिरोधकावरून हळू उतरताना मागून ‘खट्ट’ असा एकच आवाज यायचा. सिमेंट रोडच्या सांध्यांवर मात्र काहीच नाही, म्हणून घरच्यांना तो डिक्कीतल्या संत्र्यांच्या क्रेटचा वाटायचा. क्रेट उतरवून ठेवले तरी आवाज राहिला. टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजलं, तर डावी बाजू जवळजवळ २ सेंटिमीटर खाली. चाक काढून टॉर्च मारला. सगळ्यात खालचा वेढा तुटलेला आणि तुकडा, स्प्रिंग जिथं टेकते त्या बशीतच अडकलेला. उजवी स्प्रिंग अखंड होती, पण तिच्याही खालच्या वेढ्याचा रंग उडून बारीक खड्डे पडले होते.

त्या बशीत काळा चिखल गच्च बसला होता. पाणी जायचं भोक बुजलेलं. काटोलच्या आमच्या शेतात पावसाळ्यात बांधापर्यंत गाडी नेली की हा चिखल चाकाच्या आत उडतो आणि तिथंच राहतो. काळी माती पाणी धरून ठेवते. कपाशीला ते फायद्याचं, लोखंडाला नाही. त्यात खालचा वेढा बशीवर सतत घासतो, रंग जातो, गंजाचा खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यातून चीर सुरू होते. पुढं रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यागणिक ती थोडी थोडी वाढते. म्हणून स्प्रिंगा बहुतेक वेळा टोकाकडेच तुटतात.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, वेल्डिंग मारून देतो. दुसरीकडे वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवायचा सल्ला मिळाला. हे दोन्ही करू नका, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. स्प्रिंगचं पोलाद आधी तापवून, झटक्यानं थंड करून आणि मग बेताच्या उष्णतेवर पुन्हा तापवून लवचिक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते सगळं जातं. जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि स्प्रिंग तिथंच पुन्हा तुटते. भरल्या गाडीत, हायवेवर तुटली आणि टोक टायरला लागलं तर काय होईल, याचा विचार करा. बफरनं गाडी उंच दिसते, तुटलेली स्प्रिंग तुटलेलीच राहते.

बदलायची तर जोडीनं. एक नवी आणि एक वीस वर्षं दबलेली, असं केलं तर गाडी एका बाजूला कलते आणि वळणावर दोन्ही चाकं सारखी वागत नाहीत. घाट रोडवर शोधताना जुना तुकडा सोबत नेला. पार्ट नंबर जुळवला, तारेची जाडी आणि वेढेही मोजले. ‘बसून जाईल’ या शब्दावर स्प्रिंग घेऊ नये.

मरीनाला मागंही स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली. कामठी रोडचे आमचे जुने मेकॅनिक काका सकाळी ऊन चढायच्या आत आले. पुढच्या चाकांना गोटे लावले, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली. ब्रेकचा होज क्लिपमधून सोडवला, खालचे बोल्ट काढले (जाम होते, रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं), डिक्कीतलं साइडचं अस्तर काढून वरचे नट खोलले आणि अख्खा स्ट्रट बाहेर घेतला. मी पाना उचलला तसे काका म्हणाले, “भाऊ, मधल्या नटाले हात नोका लावजा. पहिले स्प्रिंग बांधून घ्या.”

या कामातलं खरं भय इथं आहे. दाबलेली स्प्रिंग स्ट्रटवर धरून ठेवतो तो हाच वरचा मधला नट. एका मागच्या चाकावर अडीचशे किलोंच्या आसपास वजन येतं. तेवढं पेलणारी स्प्रिंग मोकळी सुटली तर माणूस जायबंदी होतो. वेढे दाबून धरणारे दोन स्क्रूचे कॉम्प्रेसर समोरासमोर लावून दोन्हीकडे थोडं थोडं, सारखं आवळायचं. स्प्रिंग बशीवरून सैल झाल्यावरच मधला नट. काका हे इतक्या शांतपणे करतात, की बघत राहावं. चढवताना स्प्रिंगचं टोक बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. बंप स्टॉपर, म्हणजे मोठ्या धक्क्याला आडवे येणारे ठोकळे, भुसभुशीत झाले होते, तेही बदलले. चाक धरणाऱ्या दांड्यांच्या (लिंक) रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळले; लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

दुपारपर्यंत दोन्ही बाजू झाल्या. नंतर अलाइनमेंट करून घेतलं, कारण स्ट्रट काढला की मागच्या चाकांचा कोनही हलतो. उंची आता दोन्हीकडे सारखी आहे. २०२० मध्ये पुनर्नोंदणी झाली होती, आता दुसरी. एमएच-३१ची ही गाडी आरटीओत न्यायला माझी तयारी आहे.

पुढच्या स्ट्रटच्या बशाही त्याच दिवशी धुतल्या. माती तिथंही होती, पण वेढ्यांवरचा रंग अजून शाबूत आहे. दिवाळीनंतर संत्र्यांच्या आंबिया बहाराच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी चारही बशा पुन्हा धुवायच्या आहेत.