शर्टांची शिडं, घोड्यांच्या पखाली

१५२८ सालच्या फ्लोरिडाच्या स्पॅनिश मोहिमेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. अवजारं नसताना, घोडे मारून खात आणि अंगावरच्या शर्टांची शिडं करून त्या लोकांनी खरंच होड्या बांधल्या का? आणि बांधल्या, त्या तरंगल्याही, तर मग शेवटी इतके थोडे लोक का वाचले? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोहिमेचा खजिनदार काबेसा दे वाका जिवंत परतला आणि त्याने बारीकसारीक तपशील लिहून ठेवले, म्हणून हे सांगता येतं.

आधी होड्यांची वेळ का आली, ते पाहू. मोहिमेचा प्रमुख पाम्फिलो दे नार्वाएस एप्रिल १५२८ मध्ये आजच्या टॅम्पा उपसागराजवळ उतरला. मासेमारीच्या जाळ्यांमध्ये सोन्याचा एक खुळखुळा सापडला. सोनं कुठलं, असं विचारल्यावर तिथल्या लोकांनी उत्तरेकडे, अपालाची नावाच्या मुलखाच्या दिशेला हात दाखवला. नार्वाएसने गलबतं किनाऱ्याने पुढे पाठवली आणि स्वतः ३०० माणसं व ४० घोडे घेऊन जमिनीवरून निघाला. प्रत्येकाजवळ शिधा होता दोन पौंड बिस्किटं आणि अर्धा पौंड खारवलेलं डुकराचं मांस. सुरक्षित बंदर मिळेपर्यंत गलबतं सोडू नयेत, असं काबेसा दे वाकाने बजावलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. गलबतं जवळजवळ वर्षभर त्यांना शोधत फिरली, पण पुन्हा गाठ पडली नाही.

अपालाचीत चाळीस घरं निघाली, मका निघाला, सोनं नाही. स्पॅनिशांनी तिथला एक प्रमुख धरून ठेवला आणि लढाई पेटली. आडव्या पडलेल्या झाडांच्या आणि दलदलीच्या त्या मुलखात घोडा निरुपयोगी ठरला. अपालाचींची धनुष्यं दंडाइतकी जाड, माणसाहून उंच. त्यांचा बाण झाडाच्या मुळात टीचभर रुतलेला काबेसा दे वाकाने स्वतः पाहिला होता. चिलखत घातलेली माणसंही आरपार विंधली गेली. नऊ दिवस चालून औते गावी पोचावं तर रहिवासी घरं जाळून निघून गेलेले. शेतातला मका, भोपळे आणि शेंगा तेवढ्या उरल्या होत्या. तिथून समुद्र जवळ होता, पण तोवर आजाऱ्यांची संख्या इतकी वाढली होती की पायी पुढे जाणं अशक्य झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ४ ऑगस्टला काम सुरू झालं. सुतार एकच. पोकळ लाकडाच्या नळ्या आणि हरणाची कातडी जोडून भाता केला. रिकिबी, टाचांचे काटे, क्रॉसबो, जे जे लोखंडी होतं ते वितळवून त्याचे खिळे, करवती आणि कुऱ्हाडी घडवल्या. फळ्यांच्या फटींत पाल्मेटो नावाच्या बुटक्या ताडाचा काथ्या ठासला. तेओदोरो नावाच्या एका ग्रीक माणसाने पाइनच्या झाडांपासून राळ काढली, ती वरून लावली. दोरखंड वळले ते पाल्मेटोच्या तंतूंचे आणि घोड्यांच्या शेपट्या-आयाळींचे. शिडं शर्टांची, वल्ही ज्युनिपरच्या जातीच्या लाकडाची. दर तिसऱ्या दिवशी एक घोडा मारायचा आणि त्याचं मांस काम करणाऱ्यांना व आजाऱ्यांना वाटायचं. मका औतेवर चार वेळा धाड घालून आणला, सुमारे ४०० फानेगा, म्हणजे वीस हजार लिटरच्या वर. सगळ्यांत कठीण गेले ते दगड. तो किनारा सगळा चिखल-वाळूचा, त्यामुळे होडीला भार आणि नांगर म्हणून लावायलाही दगड मुश्किलीने मिळाले. हे दगड लक्षात ठेवा.

२० सप्टेंबरला पाच होड्या तयार झाल्या, प्रत्येकी २२ हात लांब. चाळीसहून जास्त माणसं रोगाने आणि भुकेने गेली होती. शिंपले गोळा करायला गेलेले दहाजण छावणीच्या डोळ्यांदेखत बाणांनी मारले गेले. उरलेले २४२ जण ४९, ४९, ४९, ४८ आणि ४७ असे वाटले गेले. सामान चढवल्यावर होडीची कड पाण्यावर जेमतेम टीचभर राहिली, कुणाला हलायलाही जागा नव्हती. काही दिवसांनी एका बेटाजवळ स्थानिकांच्या पाच होड्या त्यांच्या हाती लागल्या. त्या मोडून त्यांच्या फळ्या कडेला ठोकल्या, तेव्हा कुठे कड दोन वीत वर आली.

होड्या टिकल्या, पाणी टिकलं नाही. घोड्यांच्या पायांची कातडी अखंड सोलून, कमावून त्यांच्या पखाली केल्या होत्या, त्या लगेच कुजल्या. एका बेटाशी वादळात अडकल्यावर पाच दिवस गोडं पाणी नव्हतं. समुद्राचं पाणी पिऊन पाच माणसं दगावली. त्यात अंतराचा अंदाजही साफ चुकलेला. पानुको ही मेक्सिकोच्या किनाऱ्यावरची स्पॅनिश वसाहत जवळच आहे असं ते समजत होते. प्रत्यक्षात ते किनाऱ्याने दोन हजार किलोमीटरहून दूर होतं. माझं मत स्पष्ट आहे: सुताराचं काम उत्तम झालं, मोहीम बुडाली ती आधीच्या वागण्याने. त्या किनाऱ्यावर गोडं पाणी कुठे आणि खाडी कुठे संपते हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. पण ज्यांचा प्रमुख ओलीस धरला आणि ज्यांची शेतं लुटली, त्यांना वाट कोण विचारणार?

याची उलट बाजूही त्याच हकिकतीत आहे. नोव्हेंबरात दोन होड्या आजच्या टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर फेकल्या गेल्या. तिथल्या लोकांनी मासे आणि कंदमुळं आणून दिली. पुढे निघताना होडी उलटली, काहीजण बुडाले आणि उरलेले उघडेवाघडे किनाऱ्याला लागले. ते पाहून ते लोक शेजारी बसून अर्धा तास मोठ्याने रडले. मग त्यांना घरी नेताना थंडीने मरू नयेत म्हणून वाटेत जागोजागी शेकोट्या पेटवल्या. त्या हिवाळ्यात ऐंशीपैकी पंधराच स्पॅनिश उरले आणि पोटाच्या आजाराने यजमानांपैकीही निम्मे गेले. १५३६ साली मेक्सिकोत पोचले चौघे: काबेसा दे वाका, दोरान्तेस, कास्तियो आणि मोरोक्कोहून आणलेला गुलाम एस्तेबानिको.

नार्वाएस त्यांत नव्हता. एका रात्री त्याची माणसं किनाऱ्यावर झोपली आणि तो एक तांडेल व एक आजारी पोऱ्या यांच्यासह होडीतच थांबला. होडीत पाणी नव्हतं, अन्न नव्हतं, आणि नांगर म्हणून होता तो फक्त एक दगड. मध्यरात्री उत्तरेचा वारा सुटला आणि कुणाच्या नकळत होडी समुद्रात ओढली गेली.